पडून राय, प्रयाग

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

चालायला लावतात!

ज्या बाईच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला, जिच्या अंगात रक्त नाही, जिच्या बांगड्या दिवाळीपासून कोपराकडे सरकायला लागल्या — तिला म्हणे रोज चाला. नुसतं नाही, दम लागेपर्यंत चाला! मी विचारलं, ऑपरेशन कधी? डॉक्टर म्हणाले, तीन-चार आठवड्यांनी, तोपर्यंत तयारी. अरे, तयारी तुम्ही करा ना! अवजारं तुमची, टेबल तुमचं, भूल तुमची. बिमार माणसानं कशाची तयारी करायची?

मग एका पोरीकडे पाठवलं. रोशनी मॅडम. व्यायाम शिकवणारी. आमच्या सुनेपेक्षा लहान असेल. तिनं प्रयागला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, हात न टेकता उठा. बसा. उठा. बसा. शाळेत मास्तर शिक्षा करायचे तसं! वर प्लास्टिकचं एक खेळणं दिलं. नळीनं श्वास ओढायचा आणि आतल्या तीन गोळ्या वर चढवायच्या. जत्रेतला प्रकार. त्यानंतर आहार सांगणारी बाई. अंडी, घट्ट वरण, दही, चणे, शेंगदाणे, खात असाल तर चिकन. "पेज बंद करा," म्हणाली. पेज बंद! आमच्या घरी बिमार माणूस पडून राहतो आणि पेज पितो. माझी आई तशीच राहिली, वडीलही तसेच राहिले. ते दोघं गेले ही गोष्ट वेगळी.

इतकी वर्षं मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतोय. मोटर तापली, जळका वास आला, तर पहिलं बटण बंद करतात. तिच्यावर लोड वाढवत नाहीत. एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या लोकांना सांगावी लागते.

आणि शेवटी धमकी. महिनाअखेरीस भूल देणारे डॉक्टर प्रयागला तपासणार. दोन मजले न थांबता चढली तर ऑपरेशनची तारीख. नाही चढली तर ऑपरेशन धोक्याचं, मग नुसती औषधं, जमेल तेवढे दिवस. बायको आहे माझी, पोलीस भरतीला उभी नाही!

६ डिसेंबर, शुक्रवार

झोप नाही.

विश्वनाथ आठवतो. माझा धाकटा भाऊ. जठराचा कॅन्सर होता. ऑपरेशनला स्वतःच्या पायानं गेला आणि सावनेरला घरी आला तो गाडीत झाकून. चाकू लागला की हा रोग पसरतो, हे गावात लहान लेकराला माहीत आहे. काल डॉक्टरांना तसं बोललो तर ते हसले. हसले! म्हणाले, "काका, चाकूनं पसरत नाही." मग माझा भाऊ कशानं गेला ते सांगा. तर म्हणतात, त्याचे कागद आणा. अकरा वर्षं झाली. कागद कोण सांभाळतं? माणूस सांभाळता आला नाही.

८ डिसेंबर, रविवार

प्रयाग सकाळी उठली, स्वेटर घातला, डोक्याला स्कार्फ बांधला आणि निघाली चालायला. ऐकत नाही. मग मीही निघालो. हातात प्लास्टिकचा स्टूल घेतला. चक्कर आली, पाय गळाले, तर बसवता यावं म्हणून. ती पुढे आणि मी स्टूल घेऊन मागे. आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये निम्मे प्लॉट अजून रिकामे आहेत, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसतं. भाजीवाला थांबून बघत होता.

दुसऱ्या वळणावर ती गर्रकन फिरली. "घरी ठेवून या तो स्टूल! लोक पायून राहिले. म्हणतीन, नानाजी दुकान घेऊन फिरून राहिले."

माझ्या काळजीची ही किंमत. स्टूल घरी ठेवला. पण दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट ध्यानात आली.

दुकानात गेलो नव्हतो. अकरा वाजता काटोलच्या बसनं प्रयागची मोठी बहीण आली. बरोबर गावातल्या तीन बाया, एक पोतं संत्री, बिस्किटाचे पुडे. प्रयाग तेव्हा ओट्यापाशी भाकरी थापत होती. फाटक वाजलं. बाईनं पिठाचे हात साडीला पुसले, पलंगावर गेली, शाल ओढली, डोळे मिटले. भाकर सुनेनं, कामिनीनं, उचलली. अर्ध्या मिनिटात सगळं!

मी चकित. पण तिचं बरोबर आहे. आमच्यात बिमाराला भेटायला येतात तेव्हा बिमार पडलेला दिसला पाहिजे. भाकरी थापताना दिसली असती तर काटोलपर्यंत बातमी गेली असती — कॅन्सरच्या सासूकडून सून काम करवून घेते! मागे प्रयागच मला सांगत होती, "मी उभी दिसली तं सुनेचं नाव खराब होते."

चार वाजेपर्यंत ती पडून होती. चालणं नाही, उठबस नाही, गोळ्यांचं खेळणं नाही. बाया पायाशी बसून हळू आवाजात बोलत होत्या, कोणी तिचं डोकं चेपत होतं. कसं शांत वाटलं मला! कितीतरी दिवसांनी ती पलंगावर आणि मी खुर्चीवर.

११ डिसेंबर, बुधवार

दुकानातून फोन केले. काटोलला, सावनेरला, तिच्या मामाच्या गावाला. म्हटलं, बिमार माणसाला एक बार भेटून जावं. कधी काय होईल सांगता येत नाही.

यात खोटं काय बोललो? ऑपरेशन नकोच आहे मला. नुसती औषधं देतो म्हणतात ना, द्या. औषधानं माणूस टेबलावर जात नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

माणसं येऊ लागली. काल पाच, आज सात. मी दहाला दुकानात जातो, सातला येतो. येऊन बघतो तर प्रयाग शालीखाली, उशाशी संत्री. जीव थंड होतो.

रोशनी मॅडमचा फोन आला. "काका, मावशी चालताहेत ना?" मी म्हटलं, माणसं येतात भेटायला, काय करणार. तर म्हणते, "त्यांना सांगा ना, ऑपरेशननंतर या."

नंतर या! बस धरून, घरचं टाकून दारात आलेल्या माणसाला कोणी नंतर या म्हणतं का? कोणाच्या घरची पोरगी आहे ही? आईबापांनी पाणी विचारायला तरी शिकवलं असेल का? माझं डोकंच फिरलं. फोन ठेवून दिला.

१७ डिसेंबर, मंगळवार

स्वयंपाकघरात अंड्यांचा अख्खा ट्रे! कामिनीला विचारलं, कोण खातं? म्हणाली, "मीच खाते बाबा." एकटी पोरगी एवढी अंडी? अमोलला सांगितलं पाहिजे, बायकोकडे लक्ष दे. पण तो कंपनीत रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो, त्याला घरात काय चाललंय याचा पत्ता नाही.

आणि या गावाकडच्या बाया! आज लवकर आलो तर चौघी ओळीनं भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंडं लाल, पदरानं वारा घेत होत्या. डिसेंबरात! एक तर चक्क धापा टाकत होती. बिमाराजवळ नुसतं बसून इतक्या दमतात. शेतात कामं कशी करत असतील देव जाणे.

१९ डिसेंबर, गुरुवार

रात्री प्रयागनं दोन भाकरी आणि वाटीभर चण्याची उसळ खाल्ली. वर दही मागितलं. दिवसभर पडून असलेल्या माणसाला एवढी भूक कशी लागते? रोगाची भूक असेल. मला ते काही बरं चिन्ह वाटलं नाही. मी म्हटलं, पेज घे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझं ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेलो.

२२ डिसेंबर, रविवार

भांडण झालं. मोठं.

आज मी घरी. सकाळीच ती स्वेटर घालून तयार. मी म्हटलं, थांब, सावनेरहून माणसं येणार आहेत. ती म्हणाली, "रोज कोनी ना कोनी येऊनच राहिलं. इतकी माणसं काहून येऊन राहिली, सांगा बरं?" मी म्हटलं, तुझ्यावर जीव आहे म्हणून येतात. तिनं स्वेटरचं शेवटचं बटण लावलं. मग म्हणाली, "तुम्हाले मी बरी व्हावी का नाई?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मला विचारते! ज्याच्या घशाखाली महिनाभर घास उतरला नाही त्याला! मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं — "तुलेच वाचवून राहिलो मी! तू एकेक पाऊल टाकते तं मले वाटते, तू त्या टेबलाकडंच चालून राहिली. विश्वनाथ बी असाच चालत गेल्ता!"

शेजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

तिनं स्वेटर काढला, घडी केला, कपाटात ठेवला. मग पलंगावर जाऊन शाल ओढून पडली. घरात कोणी पाहुणा नसताना. मी किती वेळ दारात उभा होतो. शेवटी जिंकलो होतो, तरी हातात काही आलं नाही असं वाटत होतं.

सावनेरची माणसं आली नाहीत. त्यांची बस चुकली म्हणे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पास!

लिहितानाही संताप येतो. मी तिला दवाखान्याच्या दारापासून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. मुद्दाम. म्हटलं, भूल देणाऱ्या डॉक्टरनं आधी खुर्ची बघावी, म्हणजे जिना चढायला लावायची त्याला लाज वाटेल. त्याला कसली लाज! म्हणाला, मावशी, चला. प्रयाग खुर्चीतून उठली. हात न टेकता. साडीचा काठ हातात धरला आणि चढायला लागली. पहिला मजला झाला. दुसरा झाला. रोशनी मॅडम बाजूनं चढत होती, प्रयागच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून. वर पोचल्यावर डॉक्टरनं विचारलं, दम लागला का? तर म्हणते, "थोडासा लागला. अजून चढू का?"

मी पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभा होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

वजन केलं तर वाढलेलं. रक्तही वाढलेलं. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडला आहे. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. माझं कमी भरलं! मग तर खात्रीच पटली की काटा बिघडलेला आहे.

या लोकांना ऑपरेशन करायचंच आहे, मग कोणालाही पास करतील. दोन-अडीच आठवडे पलंगावर पडून असलेली बाई दोन मजले चढते? मला मूर्ख समजतात का? पण सही प्रयागनं केली. स्वतःच्या हातानं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली. गुरुवार, दोन जानेवारी.

३० डिसेंबर, सोमवार

दुपारी बेअरिंग काढायचा पुलर घरी राहिला म्हणून आलो. फाटकाला बाहेरून कडी. आत कोणी नाही, अमोलची या आठवड्यात दिवसपाळी. पलंगावर शाल घडी करून ठेवलेली.  काही झालं, दवाखान्यात नेलं, मला फोनही केला नाही — हेच डोक्यात आलं. रस्त्यावर धावत आलो.

आमच्या मागच्या रांगेत एक फ्लॅट स्कीम अर्धवट बांधून पडली आहे. भिंती नाहीत, नुसते स्लॅब आणि जिने. त्या जिन्यावर लुगडी, साड्या, रंगीबेरंगी. एकामागे एक बाया चढत होत्या. सगळ्यात पुढे प्रयाग, पदर कमरेला खोचलेला. तिच्या मागे काटोलची तिची बहीण. तिच्या मागे मामाच्या गावच्या दोघी. शेवटी कामिनी, हातात पाण्याची बाटली आणि डबा. डब्यात काय असणार, अंडीच! वरून प्रयागचा आवाज येत होता, "चला वं, बसू नका! बसलं का पाय जड होतात." आणि तिची बहीण, "प्रयाग, बिमार तू हायेस का मी हाओ?" सगळ्या हसत होत्या.

मी बोलावलेली माणसं! माझे फोन, माझे पैसे, माझी अक्कल. तिला पलंगावर ठेवायला मी ज्यांना बोलावलं, त्यांनाच घेऊन ही रोज जिना चढत होती. सगळ्यांना माहीत. कामिनीला माहीत, काटोलला माहीत, फ्लॅट स्कीमच्या चौकीदारालाही माहीत असणार. एक मी सोडून! असा राग आला! वाटलं, जावं आणि तिथल्या तिथे सगळ्यांना बोलावं.

गेलो नाही. पुलर न घेताच दुकानात परत आलो. आलेल्या शेतकऱ्याला उद्या ये म्हटलं.

सातला घरी पोचलो. प्रयाग शालीखाली. डोळे मिटलेले. मी तिच्या पायाशी बसलो. बोलायचं होतं ते सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, "आज कशी आहेस?" ती म्हणाली, "पडूनच हाओ."

२ जानेवारी २०२५, गुरुवार

ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसून लिहितोय. चाकाची खुर्ची आणली होती, तिनं नको म्हटलं. चालतच गेली. दार आपोआप बंद होतं तिथलं. हात लावायलाही मिळत नाही.

अमोल चहा घे म्हणतो. कसला चहा!

— बाहेर आणली. श्वास चालू आहे. मी स्वतः छातीकडे बघून खात्री केली.

३ जानेवारी, शुक्रवार

आज मला वॉर्डातून बाहेर काढलं.

काढणार नाही तर काय! पोटावर टाके, नाकात नळी, लघवीची नळी, आणि सकाळी सकाळी ती रोशनी येऊन म्हणते, मावशी, पाय खाली सोडून बसायचं. अजून चोवीस तास झाले नव्हते! मी एवढा ओरडलो की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. सिस्टर म्हणाली, काका, बाहेर. मी बाहेरून काचेतून पाहिलं. तिला बसवलं त्यांनी. तिचं तोंड वेडंवाकडं झालं दुखण्यानं. मी काचेवर हात मारला. कोणी वळून पाहिलं नाही.

४ जानेवारी, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहितो.

सकाळी प्रयागच नाही म्हणाली. रोशनीनं दोनदा विनवलं. ती भिंतीकडे तोंड करून, "नाई होत मॅडम. लय दुखते. मले पडू द्या." त्या तीन गोळ्यांपैकी एकही वर चढेना. खोकला आला तर पोट धरून दाबून टाकत होती. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी रोशनीला म्हटलं, ऐकलं ना? आता तिनं स्वतः सांगितलं. जा तुम्ही. रोशनी म्हणाली, "काका, आज उठल्या नाहीत तर छातीत कफ साठेल." मी ऐकून घेतलं नाही.

तुळसाबाई सकाळीच सावनेरहून आल्या होत्या, प्रयागजवळ थांबायला. विश्वनाथची बायको. मी त्यांचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात धाकट्याची बायको भासऱ्याशी बोलत नाही. लग्न झाल्यापासून त्या माझ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन, तोंड फिरवून उभ्या राहतात. काही सांगायचं असलं तर प्रयागमार्फत. विश्वनाथ गेला त्या दिवशीही माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

मी बाहेर चहाच्या टपरीवर गेलो तर त्या मागून आल्या. पदर डोक्यावर होता, पण तोंड माझ्याकडे.

"नानाजी, ते चाकूनं नाई गेले."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"ऑपरेशन चांगलं झालं होतं त्याईचं. आठ दिवस जिवंत होते. तवा बी एक पोरगा येत होता उठवायले. आपण उठूच देलं नाई. तुम्ही, सासूबाई, मी. मायेनं धरून बसलो होतो त्याईले, पडून राय, पडून राय. छाती भरली कफानं. ताप आला. डॉक्टरनं मले तवाच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "अकरा वर्षं! अकरा वर्षं सांगितलं नाई?"

"तुमच्याशी कसं बोलणार होती मी?"

एवढं बोलून त्या वळल्या आणि आत गेल्या. चहा सांडला माझ्या हातातला. मला त्यांचा राग आला, आईचा आला, मेलेल्या आईचा! डॉक्टरांचा आला, मला काहून नाही सांगितलं त्यांनी? त्या उठवायला येणाऱ्या पोराचा आला — धक्के मारून बाजूला करायचं होतं आम्हाला! मी त्याला काय बोललो होतो तेही आठवलं. काल रोशनीला बोललो तेच.

टपरीवाला विचारत होता, दुसरा देऊ का. मी आत गेलो. लिफ्टची वाट बघवेना, जिन्यानं गेलो. दोन ठिकाणी थांबावं लागलं.

प्रयाग तशीच, भिंतीकडे तोंड. मी म्हटलं, "उठ."

तिनं मान वळवली. "कोन म्हणून राहिलं हे?"

"मी म्हणून राहिलो. उठ."

"दुखते जी."

"दुखू दे. उठ."

रोशनीला बोलावलं. तिनं पोटाला पट्टा बांधला, कुशीवर कसं व्हायचं ते दाखवलं. मी एका बाजूनं धरलं. पाय जमिनीला लागले तसं प्रयागनं मला शिव्या द्यायला सुरुवात केली. बत्तीस वर्षांच्या संसारात दिल्या नसतील इतक्या. माझ्या खानदानाचा उद्धार केला, मोटरींचा केला, दुकानाचा केला. खाटेपासून खिडकीपर्यंत. मी म्हटलं, अजून दे, पण थांबू नको. परत येताना तिला खोकला आला. मी पोटावर उशी धरली. ती खोकली, जोरात, पुन्हा पुन्हा. रोशनी म्हणाली, छान. मी पहिल्यांदाच तिला काही उलट बोललो नाही.

पलीकडचा म्हातारा बघत होता. त्यालाही म्हटलं, "काय पायता गा? तुम्ही बी उठा!"

७ जानेवारी, मंगळवार

मामाच्या गावचा फोन. सगळे येतो म्हणाले, गाडी करून. मी सरळ सांगितलं — येऊ नका, पंधरा दिवसांनी या, आता तिला कफ काढायचा आहे. त्यांना राग आला. येऊ दे. दवाखान्यात एकेका खाटेभोवती दहा-दहा माणसं बसलेली असतात, बिमाराला हलायला जागा नाही, खाली केळ्यांच्या साली. कोणी सांगत का नाही या लोकांना?

११ जानेवारी, शनिवार

घरी आणली. तिच्या बहिणीनं डबा आणला. उघडला तर पेज! मी डबा झाकला आणि तसाच परत दिला. म्हटलं, अंडी घेऊन या. ती तोंडाला पदर लावून हसत होती. हसण्यासारखं काय आहे यात?

२१ जानेवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. आजूबाजूच्या गाठींमध्ये कॅन्सर पोचलेला नाही. डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं, मोबाइलमध्ये बघत बघत! माणसानं असं काही सांगताना निदान समोर बघावं. मी त्यांना तसं म्हणालो. मग त्यांनी मोबाइल ठेवला आणि पुन्हा सांगितलं, माझ्याकडे बघून. पुढे तपासण्या करत राहायच्या, चालणं सोडायचं नाही. बाहेर येऊन मी जिन्यात बसलो. प्रयाग म्हणाली, चला, बस जाईल. मला उठता येईना.

२ फेब्रुवारी, रविवार

आज शेवटी विचारलं. म्हटलं, मी पाहिलं होतं सगळं, त्या फ्लॅट स्कीमच्या जिन्यावर. बायांना घेऊन चढत होतीस तर मी यायच्या वेळेला शाल ओढून काहून पडत होतीस? सांगून टाकायचं ना तोंडावर!

प्रयाग तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"आधी तं तुम्ही अडवत होते म्हणून. मंग भांडण झालं त्या दिवशी पायलं मी. तुमचे हात लय थरथरत होते जी. पडून दिसली का थांबत होते."

मला माहीतच नव्हतं.